खिळेमामांची थुंकी

मामांच्या तोंडात कायम काहीतरी असायचं. कामाला बसले की बारीक खिळे, काम संपलं की बिस्किट, आणि दोन्ही नसलं की बडबड. खुर्च्या-सोफ्यांना नवं कापड चढवायचा त्यांचा धंदा. उजव्या हातात हातोडी, डाव्या हातानं कापड ताणून धरलेलं, मग खिळे धरायला तिसरा हात आणायचा कुठून? तो तिसरा हात म्हणजे त्यांचं तोंड. मूठभर खिळे गालात भरायचे, जिभेनं एकेक फिरवून ओठांत आणायचा, डोकं बाहेर, टोक आत, आणि हातोडीच्या चुंबकाला चिकटवून ठक्. गिऱ्हाईक पैसे द्यायचं विसरून बघत उभं राहायचं. आख्ख्या गल्लीत त्यांना नावानं कोणी हाक मारत नसे. सगळे खिळेमामाच म्हणत.

माणूस सोन्यासारखा. जुन्या सोफ्याच्या फटीत निघालेलं कानातलं, चष्मा, किल्ली, प्रेमपत्रसुद्धा, ज्याचं त्याला घरी नेऊन देणार. पण दात! समोरच्या दोन दातांना खिळ्यांनी खाचा पडलेल्या, हिरड्या लालभडक सुजलेल्या, आणि दाढांवर वर्षानुवर्षांची पुटं चढलेली. दातांचे डॉक्टर दोन गल्ल्या सोडून बसत. त्यांची ती भली मोठी आडवी होणारी खुर्ची फाटली तेव्हा तिला नवं कातडं मामांनीच चढवलं होतं, आणि झकास चढवलं होतं. त्या खुर्चीत स्वतः बसायचं म्हटलं की मात्र मामांना दुकानात काम निघायचं.

"त्या खुर्चीत दुसऱ्यांना सुखानं बसवायचं काम माझं," ते म्हणायचे. "मी कशाला बसू? हलवायाला गोडाचं काय!"

त्यांच्या मोठ्या बहिणीला, म्हणजे ढमीच्या आईला, हे चालत नसे. तशी तिला मामांची कुठलीच गोष्ट चालत नसे, आणि त्यांच्यावाचून एक दिवसही चालत नसे. ती उष्ट्याच्या बाबतीत महाकडक. तिचा कप वेगळा, चमचा वेगळा, कोणी घास मोडून पुढं केला तर ही दोन पावलं मागं. याला कारण मामाच. लहानपणी घरी बिस्किटांचा नवा डबा आला. वाटणीत आपल्याला कमी येणार या भीतीनं मामांनी गुपचूप एकूण एक बिस्किट चाटून परत जागच्या जागी लावून ठेवलं. पकडले गेल्यावर म्हणाले, "पुसून ठेवलीत की!" त्या दिवसापासून भावाच्या हातचं काहीही खायचं तर आई आधी वास घ्यायची, मग उजेडात धरून बघायची.

ढमी ही मामांची एकुलती एक भाची. लहानपणी गुबगुबीत होती म्हणून मामांनी ठेवलेलं नाव. आता ती काडीसारखी झाली होती तरी नाव काही वाळलं नाही. कर्करोगाच्या मोठ्या हॉस्पिटलला जोडून असलेल्या प्रयोगशाळेत ती तंत्रज्ञ होती. तिथं फाजांवर काम चाले. फाज म्हणजे फक्त जिवाणूंना लागण करणारा विषाणू. माणसाकडे तो ढुंकूनही बघत नाही. एका फाजाचं वैर एखाद्याच जातीच्या जिवाणूशी, तेही पिढीजात. शेजारच्या जातीला तो हात लावणार नाही. ढमीनं हे मामांना समजावलं तेव्हा मामा गालातले खिळे सांभाळत म्हणाले, "कळलं. भाऊबंदकी."

आणि मग आईच्या आतड्यात गाठ निघाली.

गाठ अशी पसरली होती की लगेच कापून काढण्यात अर्थ नव्हता. आधी औषधांनी ती लहान करायची, मग ऑपरेशन, असं डॉक्टरांनी ठरवलं. औषधं सुरू झाली. आईचे केस गेले, तोंडाची चव गेली, पण गाठ जागची हलेना. तिचा तुकडा तपासल्यावर कळलं की गाठीत एका जिवाणूनं ठाण मांडलंय. हा खरा तोंडातला रहिवासी, हिरड्यांच्या फटीत राहणारा. कधीतरी खाली उतरला, गाठीत घुसला आणि तिथला मालक झाला. तो गाठीला पाठीशी घालत होता आणि औषधाचा मारा बोथट करत होता. साधं प्रतिजैविक दिलं असतं तर पोटातले हवेहवेसे जिवाणूही झाडून गेले असते. हवा होता तो नेमका याच जिवाणूचा वैरी.

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी साठ्यातले सगळे फाज त्याच्यावर सोडून पाहिले. एकानंही त्याला तोंड लावलं नाही. ढमीला समोर बसवून त्या म्हणाल्या, "खोटी आशा दाखवणार नाही. हा अजून प्रयोगच आहे. पण फाज सापडला तर परवानगी मिळवायची जबाबदारी माझी."

फाज सापडला तर गाठ लहान व्हायची आशा, गाठ लहान झाली तरच ऑपरेशन, आणि ऑपरेशन झालं तरच आई. आणि हे सगळं आईच्या अंगात औषधं सोसायची ताकद आहे तोवर. ढमीला हे इतकं स्वच्छ दिसत होतं की रडायलाही सवड नव्हती.

जिवाणू तोंडातला, तर त्याचा वैरीही तोंडातच भेटणार. म्हणून ढमी पिशवीत झाकणाच्या नळ्या घेऊन थुंकी गोळा करत हिंडू लागली. केस कापणारा, बसचा कंडक्टर, वरच्या मजल्यावरचे रिटायर मास्तर, दूधवाली, कोणालाही तिनं सोडलं नाही. साहेबाची थुंकी झेलणारे प्रत्येक ऑफिसात असतात, पण दारोदार फिरून, नळी पुढं करून, वर आभार मानून झेलणारी ही एकटीच. कंडक्टर म्हणाला, "बाई, बसमध्ये थुंकणाऱ्याला मी दंड करतो, आणि तुम्ही मलाच थुंकायला लावताय?" पण आईचं ऐकल्यावर त्यानं दोन नळ्या दिल्या.

मामांच्या दुकानात ती गेली तेव्हा ते एका आरामखुर्चीच्या पोटात हात घालून स्प्रिंग बांधत होते.

"एवढीशी नळी?" ते म्हणाले. "ताईसाठी आहे ना? मग बादली आण की."

त्यांनी नळी काठोकाठ भरून दिली आणि वर झाकणही स्वतः लावलं. नळीवर नाव लिहायचं नाही, फक्त आकडा, असा मॅडमचा नियम. कोणाच्या तोंडात काय आहे याची गावभर चर्चा नको. ढमीनं आकडा टाकला आणि पुढच्या घराकडे वळली.

प्रत्येक थुंकी यंत्रात गरगर फिरवून, बारीक गाळणीतून गाळून घ्यायची. गाळणीत जिवाणू अडकतात, विषाणू पार होतात. ते गाळलेलं पाणी आईच्या गाठीतल्या जिवाणूबरोबर थाळीत ओतायचं आणि थाळी हवा काढलेल्या डब्यात ठेवायची, कारण या महाशयांना हवा सोसत नाही. जिवाणू वाढले की थाळीवर पांढरट साय धरते. कुठं फाज असेल तर तिथली साय खाल्ली जाऊन स्वच्छ गोल ठिपका पडतो. ढमी थाळ्यामागून थाळ्या उजेडात धरत होती. साय, साय, नुसती साय.

आणि एका थाळीवर ठिपके होते. चांगले डझनभर, टाचणीच्या डोक्याएवढे.

तिनं थाळी तिरकी केली, सरळ केली, डोळे पुसले, मॅडमना हाक मारली. मग ही थुंकी कोणाची म्हणून मूळ नळी उचलून पाहिली. आकड्यावरून काही कळायचं कारण नव्हतं. पण नळीच्या तळाशी एक बारीक खिळा होता.

ढमी इतक्या जोरात हसली की शेजारच्या खोलीतली माणसं धावत आली. "मामा!" एवढंच तिला बोलता येत होतं. मॅडमनी नळी उजेडात धरली, खिळा बघितला, आणि आयुष्यात पहिल्यांदा प्रयोगशाळेचा नियम असा मोडलेला पाहून त्याही हसल्या.

त्या आनंदाच्या भरात घोळ झाला. ढमीनं ठिपके उचलून द्रावणात सोडले, आणि हाताच्या सवयीनं वर क्लोरोफॉर्मचे चार थेंब टाकले. उरलेल्या गाळलेल्या थुंकीतही टाकले. या कामात ही जुनी रीत आहे: क्लोरोफॉर्मनं चुकूनमाकून राहिलेले जिवाणू मरतात आणि फाज मजेत राहतो. बहुतेक फाज राहतात. पण थोड्यांच्या अंगावर चरबीचं तलम पांघरूण असतं, आणि क्लोरोफॉर्म लागला की ते विरघळतं. मामांच्या तोंडचा पाहुणा नेमका त्यातला निघाला. पुढच्या थाळ्यांवर एकही ठिपका आला नाही. पहिली थाळी तोवर नियमाप्रमाणे वाफेत शिजून कचऱ्यात गेली होती.

ढमी स्टुलावर बसली आणि आता मात्र रडली.

मॅडम रागावल्या नाहीत. "मीसुद्धा तेच केलं असतं," त्या म्हणाल्या. "रडतेस काय? तोंड कुठं पळून गेलंय? जा, पुन्हा थुंकी आण. क्लोरोफॉर्मच्या बाटलीला आता कोणी हात लावणार नाही."

ढमीनं दुकानात फोन लावला. उचलला शेजारच्या शिंप्यानं.

"मामा? ते दातांच्या डॉक्टरकडे गेलेत," तो म्हणाला. "हो, हो, स्वतःच्या पायांनी! मलाही खरं वाटेना. जाताना माझ्या पाया पडून गेले."

हे तिचंच कर्तृत्व होतं. औषधांमुळे आईची ताकद कमी झालीय, तिच्याजवळ घाणेरडं तोंड घेऊन जायचं नाही, असं तिनंच मामांना बजावलं होतं. आईनं त्यावर कळस चढवला होता: "दात साफ करून आलास तरच माझ्या खोलीत पाऊल टाकायचं." जन्मभर जे कोणाला जमलं नाही ते त्या एका वाक्यानं जमलं होतं. आणि आता डॉक्टर त्यांच्या हिरड्या खरवडून, धुऊन, जंतुनाशकाच्या चुळा भरायला लावून आईचा फाज नळीतून खाली सोडून देणार होते.

रिक्षा मिळेना, म्हणून ती धावतच सुटली. अंगावर प्रयोगशाळेचा पांढरा कोट, हातात नळ्यांचा डबा. दवाखान्यातल्या बाईला ओलांडून ती थेट आत घुसली. मामा स्वतः चढवलेल्या कातड्यावर आडवे पडले होते, डोळे घट्ट मिटलेले, तोंड उघडं. डॉक्टरांनी चुळीचा निळा पेला नुकताच पुढं केला होता.

"मामा, थांब! चूळ नको! आधी थुंक!"

मामांनी एक डोळा उघडला. समोर भाची दिसताच त्यांचा चेहरा असा उजळला की विचारू नका. "ऐकलंत ना डॉक्टर? चूळ नको म्हणते. शिकलेली मुलगी आहे, सरकारी प्रयोगशाळेत असते. मी निघतो." आणि एक पाय खुर्चीखाली आलासुद्धा.

"हा काय प्रकार आहे, बाई?" डॉक्टरांनी विचारलं.

"यांच्या हिरड्यांत एक विषाणू आहे," ढमी धापा टाकत म्हणाली.

"एकच?" डॉक्टर म्हणाले.

मग तिनं सगळं सांगितलं. आईची गाठ, जिवाणू, ठिपके, क्लोरोफॉर्म. डॉक्टरांनी ऐकून घेतलं, पेला बाजूला ठेवला आणि तोंडावरचा मास्क खाली घेतला. "नुसत्या थुंकीवर विसंबू नका," ते म्हणाले. "तो जिवाणू हिरड्यांच्या खोल कप्प्यांत असतो. मी तिथलं खरवडून तुमच्या नळ्यांत घालतो, जितकं खोल तितकं चांगलं. फक्त बधिर करायचं औषध आधी देता येणार नाही, नमुन्यात मिसळायला नको. दुखेल."

मामांचा पाय हवेतच थांबला होता. त्यांनी ढमीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि पाय परत वर घेतला.

"किती खोल?" त्यांनी विचारलं.

"बरंच."

"ताईच्या औषधासाठी ना? मग तळ गाठा."

"सोसेना झालं तर हात वर करा," डॉक्टर म्हणाले. त्यावर मामांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून घेतले, आणि ते शेवटपर्यंत तिथंच राहिले. डॉक्टर एकेक कप्पा खरवडत होते, ढमी नळी पुढं धरत होती. मामांच्या डोळ्यांतून पाणी कानापर्यंत वाहत होतं, पण हात काही वर आले नाहीत. ढमीला त्या क्षणी आपल्या मामाचा फार अभिमान वाटला.

शेवटच्या नळीचं झाकण लागल्यावर मामा उठून बसले. तोंडातलं रक्त पुसत त्यांनी खुर्चीच्या कातड्यावर हात फिरवला. "डॉक्टर," ते म्हणाले, "ही शिवण जरा पाठीला बोचते. मोकळे झालात की पाठवून द्या."

त्या नळ्यांतून फाज पुन्हा मिळाला, आणि या वेळी तो थाळीवर नांदला. प्रयोगशाळेतल्यांनी तो वाढवला, धुतला, शुद्ध केला, दहा परीनं तपासला. मॅडमनी परवानगीच्या समितीपुढं ठाण मांडलं आणि ती मिळवली. मात्र रुग्णाला सगळं खरं सांगायचं, फाज कुठून आला तेसुद्धा, ही अट होती.

हे सांगायला ढमी आणि मामा दोघं मिळून गेले. मामांचे दात आता असे चमकत होते की आईनं आधी त्यांनाच तोंड उघडायला लावून खात्री करून घेतली, मग खुर्चीकडे बोट दाखवलं. ढमीनं सगळं नीट समजावून सांगितलं. आईनं आपला कप उचलून भावापासून लांब ठेवला.

"म्हणजे शेवटी ह्याचं उष्टं माझ्या पोटात जाणार तर," ती म्हणाली.

"आई, शंभरदा गाळलंय. त्यात मामाचं काहीच उरलेलं नाही, फक्त त्याच्याकडचा पाहुणा आहे."

"बिस्किटांच्या वेळीही हा असंच म्हणाला होता. पुसून ठेवलीत म्हणे." मग तिनं भावाकडे मान वळवली. "दुखलं का रे फार?"

"छे!" मामा म्हणाले. "मी तर झोपलो होतो."

आईनं ढमीकडे पाहिलं. ढमीनं हळूच नाही अशी मान हलवली. आईनं पेन मागून घेतलं आणि सही केली.

औषध आणि फाज बरोबरीनं सुरू झाले. मधल्या आठवड्यांत मामांनी दुकानात इतके सोफे संपवले की गल्लीत बसायला उभं राहण्यापेक्षा जास्त जागा झाली. दातांच्या डॉक्टरांनी तोंडात खिळे धरायला बंदी केली होती. मग ढमीनं मनगटाला बांधायचा चुंबक आणून दिला. मामा खिळे त्याला चिकटवत, आणि रिकामं झालेलं तोंड देवाचं नाव घेण्यात घालवत.

तपासणीच्या दिवशी आईच्या डॉक्टरांनी संगणकाचा पडदा तिघांकडे वळवला. गाठ निम्म्याहून लहान झाली होती.

"आता ऑपरेशन करता येईल," ते म्हणाले. "फाजामुळे झालं, औषधामुळे झालं की दोघांनी मिळून केलं, हे ठासून सांगायला अजून पुष्कळ रुग्ण लागतील."

"श्रेय सावकाश वाटा," मामा म्हणाले. "मला घाई नाही." आणि त्यांनी डॉक्टरांना कडकडून मिठी मारली. डॉक्टरांच्या कोटाला मनगटावरचे चार खिळे अडकले, ते सोडवताना सगळ्यांना हसू आवरेना.

ऑपरेशन चाललं होतं तेवढ्या वेळात मामांनी बाहेरच्या बाकाची उसवलेली कड ठोकून टाकली. नर्सनं हटकलं तर म्हणाले, "बाई, बसून राहिलो तर मीच उसवेन." सर्जन बाहेर आले, गाठ पूर्ण निघाली म्हणाले, आणि मामा त्याच बाकावर मटकन बसून लहान मुलासारखे रडले.

आई घरी आली. जखम भरली, डोक्यावर बोटभर केस आले, जिभेला चव परतली. काहीही खा, असं डॉक्टरांनी सांगितलं त्या दुपारी तिघं स्वयंपाकघरात चहाला बसली होती. आईचा वेगळा कप, वेगळा चमचा, सगळं जागच्या जागी. मामा मात्र नेहमीसारखे बिस्किट चावत काहीतरी सांगत होते, अर्धं तोंडात, अर्धं हातात.

"आण इकडे," आई म्हणाली.

मामांनी डबा पुढं सरकवला.

"डबा नको. ते हातातलं."

मामांनी हातातल्या अर्ध्या बिस्किटाकडे पाहिलं, त्यावर त्यांच्या दातांच्या खुणा होत्या. आईनं हात पुढं केलाच होता. त्यांनी ते तिच्या तळव्यावर ठेवलं. तिनं वास घेतला नाही, उजेडात धरलं नाही. तोंडात टाकलं, सावकाश चावलं आणि गिळलं.

"नरम पडलंय," ती म्हणाली. "डब्याचं झाकण नीट लावत नाहीस तू."

ढमी चहाच्या कपात बघत बसली, कारण दुसरीकडे कुठं बघितलं असतं तर तिला रडू फुटलं असतं. मामांचं तोंड रिकामं होतं आणि तरी त्यांना एक शब्द सुचेना. शेवटी त्यांनी डब्यातलं नवं बिस्किट काढलं, बहिणीच्या डोळ्यांत बघत त्याला हळूच जीभ लावली, आणि तिच्यापुढं धरलं.

"लाडावू नकोस," आई म्हणाली, आणि त्यांच्या हातावर चमचा मारला.